ताणाखाली सुटणारा नांगर : हरिपूरच्या संगमावरच्या एका कयाकचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या भाच्याच्या फिशिंग कयाकचं आहे. कयाक प्लॅस्टिकची, वर बसून वल्हवायची, 11 फूट लांब आणि अडीच फुटांहून थोडी जास्त रुंद. फेब्रुवारी अखेरच्या एका सकाळी हरिपूरच्या संगमाखाली ती नांगरासकट प्रवाहात आडवी झाली, आणि नांगर सोडायचा म्हणून लावलेला हुक काही केल्या उघडला नाही. कुणाला इजा झाली नाही. नांगर, दोर आणि एक रॉड गेला. पुढचे काही आठवडे आम्ही ती सगळी जोडणी मोडून नव्यानं केली. मी फायबरच्या बोटींची डागडुजी करतो, त्यात गावोगावच्या पूरबोटीही येतात. त्यामुळे दोर, गाठ, क्लीट (दोर अडकवायची खुंटी) हे माझं रोजचं काम. सांगली-मिरजेकडची आणखी काही मुलं आता कयाक घेऊन गळाला जातात. त्यांतल्या बऱ्याच कयाकवर मला तोच हुक तशाच जागी दिसतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी कयाकवर काय होतं ते सांगतो. कयाकबरोबर नांगराचं तयार किट आलं होतं. त्यात दीड किलोचा चार पात्यांचा घडीचा नांगर, 30 फूट दोर, एक लाल फ्लोट आणि दोराच्या टोकाला कॅराबिनर, म्हणजे तोच स्प्रिंगच्या दाराचा हुक, होता. किट देणाऱ्यानं सांगितलं होतं, ‘सीटशेजारच्या कडीत कॅराबिनर अडकवा, निघायचं असलं की काढा, क्विक रिलीज आहे.’ सीटशेजारची कडी म्हणजे कयाक उचलायला बाजूला असते ती मूठ, म्हणजे कयाकच्या बरोबर मध्यावर. धरणाच्या किंवा तळ्याच्या निवांत पाण्यात हे चालून जातं. वारा नसला तर कयाक जागच्या जागी राहते, दोर ढिला लोंबतो, आणि ढिल्या दोराचा कॅराबिनर बोटानं उघडतो. भाच्यानं ते धोमच्या पाण्यावर करून पाहिलं होतं आणि त्याला ते पटलं होतं.

नदीचं गणित वेगळं. हरिपूरला कृष्णेला वारणा मिळते. वर सांगलीचा बंधारा, खाली म्हैसाळचा. उन्हाळ्यात बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असले की मधलं पाणी डोहासारखं थांबलेलं दिसतं. पण सिंचनाच्या आवर्तनासाठी वरून पाणी सुटलं की त्याच डोहाला तासाभरात ओढ लागते. पातळी फारशी वाढलेली दिसत नाही, आणि काठावरच्या माणसाला तर काही बदललंय असंही वाटत नाही. आम्ही सांगलीकर नदी फुटांत मोजतो : आयर्विन पुलापाशी 40 फूट इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. 2005 आणि 2019 चे पूर पाहिलेल्या माणसाला 10-12 फुटांची नदी निरुपद्रवी वाटणं साहजिक आहे. कयाकला मात्र फुटांशी देणंघेणं नसतं. तिला पाण्याचा वेग भारी पडतो.

त्या सकाळी भाचा सातच्या सुमाराला संगमाच्या खालच्या अंगाला पोचला. तिथं दोन नद्यांची पाणी एकमेकांना घासत चालतात, मधे एक शिवण दिसते, आणि त्या शिवणीवर मासा असतो. पाणी 14 फुटांच्या आसपास खोल. नांगर टाकला, तो तळाच्या दगडांत लगेच बसला, कॅराबिनर कडीत अडकवला आणि गळ पाण्यात गेला. दोन चिलापी मिळाल्या, वाम हुकली. नऊच्या पुढं पाण्याला ओढ लागली. कयाक दोराभोवती फिरून प्रवाहाला आडवी झाली आणि तशीच राहिली, कारण दोर मध्यावर बांधला होता. मग वरून जलपर्णीचा एक पट्टा वाहत आला आणि दोरावर अडकून बसला.

त्यानंतर काय काय झालं ते भाच्यानं मला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा सारखंच सांगितलं. प्रवाहाकडची कड पाण्याच्या रेषेला आली आणि तिच्यावरून पाणी आत यायला लागलं. त्यानं कॅराबिनर धरला, पण कडी, कॅराबिनर आणि दोर हे तिन्ही ताणून एका रेषेत आले होते. कॅराबिनरचं दार आत दाबलं जात होतं, पण हुक कडीतून निघायला अर्धा-पाऊण इंच ढील लागते, आणि ती मिळण्यासाठी सगळी कयाक प्रवाहाविरुद्ध ओढावी लागली असती. दोन्ही हातांनी दोर ओढायचा तर वाकावं लागतं, आणि वाकलं की तीच कड आणखी खाली जाते. चाकू होता, पण सीटमागच्या डब्यात, टॅकल बॉक्सच्या खाली.

पलीकडच्या अंगाला जाळं काढत असलेले एक तात्या होडी घेऊन आले. त्यांनी पहिल्यांदा हाक मारली ती अशी : “पोरा, हलू नगंस. हाय तसा बस. अंग पल्याड टाक.” पल्याड म्हणजे प्रवाहाच्या खालच्या बाजूला. त्यामुळे बुडणारी कड इंचभर वर आली. तात्यांनी होडी वरच्या अंगानं न आणता खालच्या अंगानं आणली आणि विळ्यानं एका झटक्यात दोर तोडला. वरून आले असते तर होडी कयाकवर येऊन आदळली असती. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, आयुष्य नदीवर गेलंय.

तात्यांनी नंतर भाच्याला दुसरंही ऐकवलं. त्या पट्ट्यात मगरी आहेत. कृष्णेच्या सांगली जिल्ह्यातल्या पात्रात, भिलवडी, औदुंबर, डिग्रज या भागात, मगरींचा वावर सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारी-मार्च हा त्यांचा अंडी घालायचा हंगाम, तेव्हा मादी काठाची जागा सोडत नाही. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि नदी तिचीही आहे. तेव्हा कृष्णेत कयाक उलटणं म्हणजे नुसतं ओलं होणं नव्हे, हे धरूनच पुढची सगळी जोडणी करायची असं आम्ही ठरवलं.

आकडे मांडून पाहिलं

जोडणी मोडायच्या आधी ताण किती होता याचा हिशेब केला, कारण त्यावरच सगळं अवलंबून होतं. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. कयाक आडवी असताना पाण्याखालचा भाग साधारण 3.3 मीटर लांब आणि 9-10 सेंटिमीटर खोल, म्हणजे 0.3 चौरस मीटर. सेकंदाला 1 मीटर वेगाच्या पाण्यात त्यावर अंदाजे 15 किलोचा जोर येतो. 2 मीटर वेगात तोच 60 किलो. तीच कयाक टोकानं प्रवाहाकडे तोंड करून असली तर 1 मीटर वेगात जेमतेम दीड-दोन किलो.

नांगर जड आहे की हलका, दोर जाड आहे की बारीक, या सगळ्या नंतरच्या गोष्टी. मध्यावर बांधला की 15, टोकाला बांधला की 2. पहिलं उत्तर इथंच मिळालं.

दुसरी गोष्ट दोराची लांबी. 14 फूट पाण्यात 30 फूट दोर म्हणजे दोर बराच उभा राहतो. 15 किलोच्या आडव्या ओढीबरोबर तो कयाकची कड सुमारे 8 किलोनं खाली खेचतो. दोर 70 फूट असता, म्हणजे खोलीच्या पाचपट, तर खालची ओढ 3 किलो राहिली असती. निवांत पाण्यात खोलीच्या तिप्पट दोर पुरतो, वाहत्यात पाचपट तरी हवा, सातपट असला तर उत्तम. किटमधला दोर 10 फूट खोल तळ्यापुरता होता. जलपर्णी अडकल्यावर ताण किती वाढला असेल त्याचा हिशेब मी केला नाही, पण ओल्या जलपर्णीचा एक भारा उचलून पाहिलेल्या माणसाला तो सांगायची गरज नाही.

आता हुकाकडे येतो. बाजारात क्विक रिलीज म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं ढिल्या दोरावर लवकर सुटतं. दोर ढिला असेल तर कुणाला घाईच नसते. घाई असते ती दोर ताणलेला असताना, आणि नेमकं तेव्हाच कॅराबिनर, साधा स्प्रिंगचा हुक, निरगाठ हे सगळं अडतं. म्हणून आम्ही एकच कसोटी ठरवली : बसल्या जागेवरून, एका हातानं, 20 किलोच्या ताणाखाली, न बघता सुटलं पाहिजे. जे या कसोटीला उतरणार नाही ते कयाकवर राहणार नाही.

कारखान्यातली चाचणी

कयाक स्टँडवर ठेवली, पुढच्या टोकातून दोर काढून छताच्या पुलीवरून नेला आणि टोकाला वाळूची पिशवी टांगली. मधे कडबा-गुळाच्या वजनाचा ताणकाटा लावला. भाच्याला सीटवर बसवला, लाइफ जॅकेट घालून. जॅकेट घातल्यावर हात छातीसमोर पूर्वीसारखा फिरत नाही, म्हणून चाचणीही जॅकेटमध्येच.

पहिल्यांदा दातेरी खाच असलेलं क्लीट लावलं. दोर खाचेत दाबला की धरतो. सोडायला मात्र दोर आधी आपल्याकडे ओढून वर उचलावा लागतो. 5 किलोला सहज सुटलं, 10 ला जोर लागला, 20 ला बसल्या बसल्या एका हातानं जमेना. मग दोन दातेरी चकत्यांचं, स्प्रिंगवालं कॅम क्लीट लावलं. ते 20 किलोला वरच्या झटक्यानं सुटलं आणि भाच्याला ते फार आवडलं. माझं मन घेईना. कृष्णेच्या पाण्यात गाळ आणि बारीक वाळू असते, ती स्प्रिंगमध्ये बसते. पूरबोटींवर असली क्लीटं अडलेली मी हातानं सोडवली आहेत. रोज धुतलं तर टिकेल, पण गळाहून दमून आलेला माणूस क्लीट धूत बसेल यावर मी जीव टांगणार नाही.

शेवटी दोन शिंगांचं साधं क्लीट घेतलं आणि त्यावर सुरगाठ. दोराचा एक पूर्ण वेढा क्लीटच्या बुडाशी, मग शिंगावर दुमडून सुरगाठ, आणि तिचं मोकळं टोक वीतभर लोंबतं. वेढा ताणाचा मोठा भाग स्वतः पेलतो, त्यामुळे गाठ करकचून आवळत नाही. टोक ओढलं की गाठ उकलते, वेढा घसरतो, दोर निघून जातो. 20 किलोला एका झटक्यात. 30 टांगले, तरी तसंच. भाच्याचं घर शेतकऱ्याचं, बैलाचं दावं तो लहानपणापासून याच गाठीनं बांधतो, हाताला शिकवायला काही लागलं नाही. डोळे मिटून करायला सांगितलं, तेही जमलं.

एक खोट तिथंच कळली. ताण फार कमी असला, म्हणजे दोनेक किलो, तर गाठ उकलूनही वेढा क्लीटला चिकटून राहतो. त्याला बोटानं एक टिचकी मारून काढावं लागतं. ही त्रुटी मी आनंदानं स्वीकारली, कारण ताण कमी असताना टिचकी मारायला वेळ असतो.

नवी जोडणी

कयाकच्या डाव्या बाजूनं, भाचा उजव्या हातानं गळ टाकतो म्हणून, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत 4 मिलिमीटर दोराची फिरती माळ लावली. दोन्ही टोकांना छोट्या पुल्या, मधे स्टीलची 25 मिलिमीटरची कडी. सीटवरून माळ ओढली की कडी पुढं किंवा मागं सरकते. याला ट्रॉली म्हणतात. नांगराचा दोर या कडीतून जातो, त्यामुळे नांगर टाकताना दोर हाताशी असतो, पण ओढ मात्र कयाकच्या टोकावर येते. माळ एकदा हवी तिथं सरकवली की सीटजवळच्या नागमोडी क्लीटमध्ये घट्ट करायची. ते क्लीट ताणाखाली सोडायचं नसतं, म्हणून तिथं ते चालतं.

पुल्यांसाठी कयाकला भोकं पाडायची नाहीत असं मी ठरवलं होतं. कयाकचं प्लॅस्टिक पॉलिइथिलीनचं असतं, त्याला सिलिकॉन किंवा डिंक नीट धरत नाही. भोक पाडलं तर रबर वॉशर आणि बोल्टनं आवळूनच ते बंद राहतं, आणि टोकाजवळ आतून हात पोचत नाही. दोन्ही टोकांना उचलायच्या मुठी कंपनीकडूनच बसवलेल्या असतात, आतून मजबूत. पुल्या त्यांनाच बांधल्या, मागच्या पुलीला मधे जाड इलॅस्टिक दोर दिला, म्हणजे माळ उन्हात सैल पडली तरी ताण राहतो. भोकं पाडली ती फक्त सीटजवळच्या दोन क्लीटांना आणि दोर वळवणाऱ्या एका आयलेटला (दोर ओवायच्या भोकाला), पाण्याच्या रेषेच्या बऱ्याच वर, आणि तिथं तपासणीच्या झाकणातून आत हात जातो.

आता सुटण्याचा क्रम. तळात नांगर. त्याचा 6 मिलिमीटरचा 100 फूट दोर वर येतो तो पाच लिटरच्या रिकाम्या तेलाच्या कॅनला. कॅनचं झाकण घट्ट, रंग भगवा. जास्तीचा दोर कॅनच्या कमरेला गुंडाळायचा आणि मुठीतून दोन फासे मारायचे, म्हणजे खोलीप्रमाणे लांबी ठरवता येते. कॅनच्या मुठीपासून पुढं 4 मीटरचा वेगळा, गुळगुळीत विणीचा दोर : कॅन, तिथून ट्रॉलीची कडी, तिथून सीटजवळचं आयलेट, आणि मग क्लीटवर सुरगाठ. सुरगाठ सोडली की हा 4 मीटरचा दोर आयलेटमधून आणि कडीतून सळसळत निघून जातो. नांगर आणि कॅन नदीत राहतात, कयाक मोकळी. मग सावकाश परत येऊन कॅन पकडायचा. मोठा मासा गळाला लागून ओढायला लागला तरी हीच सोय कामाला येते.

नांगराकडे एक कमजोर जागा मुद्दाम ठेवली. दोराच्या टोकाची मीटरभर साखळी नांगराच्या वरच्या कडीला न बांधता खालच्या बुडाला, पाती जिथं जुळतात तिथल्या भोकाला, बांधली. तिथून ती दांड्यालगत वर आणून वरच्या कडीला केबल टायनं (वायरी बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीनं) अडकवली. नेहमीच्या ओढीत टाय धरतो आणि नांगर सरळ काम करतो. नांगर दगडात रुतला की वर जाऊन जोरानं ओढायचं, टाय तुटतो, ओढ बुडाकडून बसते आणि नांगर उलटा निघून येतो. 2.5 मिलिमीटर रुंदीचा केबल टाय साधारण 8 किलोला तुटतो, 4.8 मिलिमीटरचा 22 च्या आसपास. टोकाला बांधलेल्या कयाकची ओढ दोन किलोच्या घरात, म्हणून बारीक टाय पुरेसा. कयाक काही कारणानं आडवी झालीच तर 15 किलोला तो आपणहून तुटेल, नांगर सरकेल, थोडी उसंत मिळेल. पांढरे टाय उन्हानं ठिसूळ होतात, काळे घ्यावेत आणि तुटायच्या आधीच बदलत राहावेत.

चाकूची जागा बदलली. आता तो लाइफ जॅकेटवर छातीशी, म्यानात, उलटा, दातेरी पात्याचा आणि बोथट टोकाचा. टोकदार चाकू घाईत स्वतःलाच लागतो. ऑगस्ट 2019 मध्ये ब्रह्मनाळला पुरातून लोकांना काढणारी बोट उलटली, तेव्हापासून आमच्याकडे जॅकेटवर कुणी वाद घालत नाही. चाकूवरही घालू नये.

शेततळं, मग नदी

नदीवर जायच्या आधी भाच्याच्या शेततळ्यात सगळं करून पाहिलं. मगर नाही, प्रवाह नाही, तळ ठाऊक. पण तळ्याला प्लॅस्टिकचा कागद असतो, त्यात नांगर टाकला तर कागद फाटून लाखाचं नुकसान. म्हणून नांगराऐवजी वाळूचं पोतं दोराला बांधून बांधावर ठेवलं आणि दोन माणसांनी दोर ओढून प्रवाहाची ओढ दिली. शेततळ्याच्या काठावरून ओल्या कागदावर पाय ठरत नाही, पोहणारा माणूसही तिथं अडकतो, तेव्हा आधी दोराची शिडी काठावर बांधून आत सोडली. ही शिडी कोणत्याही शेततळ्याला कायमची असावी.

तिथं एक गोष्ट सापडली जी कारखान्यात दिसली नव्हती. भाच्यानं सुरगाठ सोडली, दोर सुटला आणि आयलेटपाशी गच्चकन थांबला. त्यानं दोराच्या टोकाला एक गाठ मारून ठेवली होती, ‘टोक हातातून निसटू नये म्हणून’. हाताची सवय. तीच गाठ आयलेटच्या भोकात अडकली आणि सगळी मेहनत परत त्या कॅराबिनरच्या पातळीला आली. गाठ काढली तरी पुढच्या वेळी दोर पुन्हा किंचित अडखळला. पाहिलं तर दोर उसवू नये म्हणून टोक लायटरनं वितळवलं होतं, आणि वितळलेल्या प्लॅस्टिकचा छत्रीसारखा गुंडा तयार झाला होता. टोक कापलं, पुन्हा वितळवलं, गरम असतानाच ओल्या फडक्यात फिरवून दोराच्याच जाडीचं केलं. आता 4 मीटरच्या दोराच्या सुटणाऱ्या टोकाला काहीही नसतं, ना गाठ, ना गुंडा, ना मणी. निघायच्या आधी भाचा ते टोक दोन बोटांतून फिरवून पाहतो. माझ्या मते पूर्ण जोडणीत सगळ्यात महत्त्वाची जागा हीच आहे, आणि ती कुठल्याही किटच्या चित्रात दिसत नाही.

नदीवरच्या चाचणीला तात्यांनाच विनंती केली. त्यांच्या मच्छीमार संस्थेकडे त्या पट्ट्याचा ठेका आहे, छंदाला गळ टाकायचा तरी आधी त्यांना विचारायचं हे भाच्याला आता कळलंय. तात्या होडी घेऊन आमच्या खालच्या अंगाला थांबले. पुढच्या टोकानं नांगर टाकला, कयाक प्रवाहाकडे तोंड करून स्थिर झाली, कड पाण्याच्या बरीच वर राहिली. मग भाच्यानं सुरगाठ ओढली. दोर निघून गेला, कयाक मागं सरकली, आणि भगवा कॅन जागेवर राहिला. परत वर वल्हवून कॅन धरला, दोर गोळा करत नांगराच्या वर जाऊन उभा ओढला, टाय तुटला, नांगर उलटा निघाला, दोन पात्यांत काळा गाळ आणि बाभळीची फांदी घेऊन.

मागच्या टोकानं नांगर टाकायची पद्धतही आहे, कारण मग गळ प्रवाहाच्या दिशेला समोर पडतो. बरेच जण तेच करतात. भाच्याच्या कयाकचं मागचं टोक सामानाच्या वजनानं खाली बसतं आणि ओढ वाढली की त्यावरून पाणी चढतं, म्हणून वाहत्या कृष्णेत पुढचंच टोक असं ठरवलं. मागचं टोक थांबलेल्या पाण्यापुरतं. कडी मध्यावर आणून नांगर टाकायचा नाही, कुठल्याच पाण्यात नाही. वाऱ्यालाही दिशा बदलायला वेळ लागत नाही.

कुठं नांगर टाकायचा यावरही बोलणं झालं आणि त्यात तात्यांचा शब्द मानला. त्यांनी एकच प्रश्न विचारला : सुटल्यावर तू कुठं जाणार? खाली बंधारा असेल, पुलाचा खांब असेल, पाण्यात पडलेलं झाड असेल, तर नांगर कितीही लवकर सुटला तरी तू तिथंच जाणार. म्हणून नांगर टाकायच्या आधी खालचं पात्र डोळ्यांनी चालून यायचं. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नांगर नाही. वेग मोजायला भाचा वाळक्या काडीचा तुकडा पुढच्या टोकाशी टाकतो आणि मनात आकडे मोजतो. काडी पाच आकड्यांच्या आत मागच्या टोकाला गेली तर वेग सेकंदाला 0.65 मीटरच्या वर आहे, नांगर टाकायचा नाही. बसल्या जागी हे अधूनमधून पुन्हा करायचं, कारण त्या सकाळी सातला पाणी थांबलेलं होतं आणि नऊला नव्हतं. आवर्तन कधी सुटणार याची चौकशी आदल्या दिवशी करायची. जून ते सप्टेंबर कयाक घरी.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. जलपर्णीचा मोठा पट्टा आला की कॅन त्याच्याखाली जातो आणि दिसेनासा होतो. सध्या आम्ही कॅनला दोन मीटर दोरानं दुसरा, अर्ध्या लिटरचा छोटा फ्लोट जोडून पाहतोय. तो पट्ट्याच्या कडेनं बाहेर डोकावतो, पण त्याचाच दोर जलपर्णीला अडकायला आणखी एक जागा देतो. काठीवर कापडी निशाण लावलेला फ्लोट तात्या त्यांच्या जाळ्यांना वापरतात, पुढची चाचणी त्याची.